कोठीची उबदार भिंत

ओढ्याकाठच्या रानात, एका जुन्या बोरीच्या मुळांखाली एक उंदरीण आपल्या पिल्लांसह राहत असे. तिच्या काटकसरीचे रानभर नाव होते. काट्याला अडकलेला चिमूटभर कापूससुद्धा ती सोडत नसे. असाच कापूस जमवून तिने पिल्लांसाठी दुलई केली होती. त्या वर्षी थंडी लवकर आली. उंदरिणीने घाईघाईने शेतात सांडलेली, दवाने ओलीचिंब झालेली ज्वारी ओढून आणली, कोठीत ठासून भरली आणि कोठीचे तोंड चिखलाने लिंपून टाकले.

शेजारची खार म्हणाली, "अगं, आधी ऊन तरी दाखव त्या ज्वारीला. ओलं धान्य असं कोंडतात का?"

"उन्हात घातलं की चार जणांच्या नजरेत येतं, खारूताई," उंदरीण म्हणाली. "आणि पिल्लांना कोण आवरणार? खरी थंडी अजून यायची आहे. कोठी तेव्हाच उघडायची."

पिल्लांच्या वाट्याला मग रोज वेचलेले गवताचे बी येई, तेही मोजके. थंडी वाढली तसे बीही मिळेनासे झाले. धाकटे पिल्लू भूक भूक करी. "शहाणं बाळ असं मागत नाही," उंदरीण त्याला समजावी. हळूहळू पिल्ले खरेच शहाणी झाली. मागेनात, भांडेनात, दुलईसाठी ओढाओढही करेनात. घर कसे शांत झाले. उंदरिणीला ते फार बरे वाटले.

एके सकाळी बाहेर दाट धुके पडले असताना थोरल्या पिल्लाच्या लक्षात आले, की कोठीची भिंत कोमट लागते आहे. सगळी पिल्ले तिला पाठ लावून बसली. थोड्या वेळाने थोरले म्हणाले, "आई, आत कुणीतरी आहे."

उंदरिणीने भिंतीला कान लावला. आत बारीक चुरचुर चालली होती, जणू कुणी अडचणीत कूस बदलत होते. भिंतीच्या चिरेतून आंबूस, ओलसर वाफ आली. थांबली. पुन्हा आली.

"काही नाही. आपलं घर आपल्याला ऊब देतंय," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून ती स्वतः मात्र भिंतीपासून लांब झोपू लागली. भिंत तापतच गेली. मग ती मधोमध फुगली, भरल्या पोटासारखी. भिंतीपलीकडे काहीतरी वाढत होते आणि अलीकडे पिल्ले वाळत होती.

एका दुपारी उंदरिणीने हाक मारली, तेव्हा धाकटे पिल्लू उठले नाही. ते भिंतीला टेकून बसले होते. तिने हात लावला. भिंत गरम होती, पिल्लू गार होते.

"ते सकाळपासून असंच आहे," थोरले हळूच म्हणाले. "मागायचं नाही असं तू सांगितलंस ना, म्हणून आम्ही काही बोललो नाही."

उंदरीण दोन्ही पंजांनी भिंतीवर तुटून पडली. चिखल ढासळला आणि कढत वाफेचा लोट तिच्या तोंडावर आला. आत ज्वारी नव्हतीच. काळ्या बुरशीच्या ढिगातून असंख्य पांढरेफटक कोंब बाहेर आले होते. उजेड आत शिरला आणि ते सगळे तिच्याचकडे हात पसरून असल्यासारखे दिसले. एक दाणाही खाण्याजोगा उरला नव्हता.

ती धावत खारीकडे गेली. गालफडात सुकी ज्वारी भरून खार आली, दाणे चावून मऊ केले आणि पिल्लाच्या ओठांना लावत राहिली. बऱ्याच वेळाने ते ओठ हलले.

पिल्लू उठून बसायला लागले, तेव्हा उंदरिणीने त्याच्यापुढे खारीने दिलेले दोन दाणे ठेवले. त्याने एक खाल्ला. दुसरा मात्र पंजाने हळूच दुलईखाली सरकवला.

"हे काय रे?" तिने विचारले.

"हा थंडीसाठी."

उंदरिणीने तो दाणा बाहेर काढून त्याच्या पंजात ठेवला. "खा बाळा," ती म्हणाली. "थंडी हीच आहे."

तात्पर्य : उद्यासाठी साठवताना जो आजच्या भुकेला गप्प बसवतो, त्याच्या हाती आजही राहत नाही आणि उद्याही.