सावल्या जेवायला गेल्या

एक होता राजा. नाव धवलसेन, आणि त्याला पांढऱ्याचं भारी वेड. वाडा पांढरा, हत्तीला चुना फासलेला, ताटात नुसता पांढरा भात आणि वर साखर. एकदा काय झालं, राजानं दवंडीच पिटली, "काळंसावळं काही वाड्यात नको!" मग नाचणी गेली, कुळीथ गेले, तीळ गेले, हिरव्या-लाल भाज्या नि लिंबं गेली. लोखंडी तवेसुद्धा तटापलीकडच्या उकिरड्यावर भिरकावले.

मग वर्षं लोटली, आणि सगळे दमले. कशानं दमले ते कुणालाच कळेना. पहारेकरी भाल्याला टेकून पेंगायचे. कोंबडा 'कुकूच्' म्हणायचा आणि 'कू' उद्यावर ढकलायचा.

अशा घरात सुरंगी सून होऊन आली. पोर गुणाची, पण भारी भित्री. पापड मोडला तरी दचकायची. राजा म्हणायचा, "सूनबाई, या वाड्यात जाग्या तेवढ्या तुम्हीच. त्याही किंचाळण्यापुरत्या!"

सुरंगीचा जीव जडला होता धाकट्या नणंदेवर, कुमुदवर. कुमुद एवढीशी, दुधाचे दात पडायच्या वयाची, आणि दिवसेंदिवस पांढरी पडत चाललेली. आल्यागेल्या बायका म्हणायच्या, "काय गोरी गं बाई! मोगऱ्याची कळीच जणू!" आणि ती कळी दोन पायऱ्या चढली की बसून धापा टाकायची.

एके सकाळी दोघी अंगणात उभ्या होत्या. सुरंगीचं लक्ष खाली गेलं. कुमुद उभी होती, बरं का, पण कुमुदची सावली खाली बसली होती! गुडघ्यात मान घालून!

सुरंगीनं धावत जाऊन तिला धरलं. तिच्या डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून पाहिली. आपली कशी आतून लालचुटुक असते? कुमुदची कागदासारखी कोरी!

मग ऊन डोक्यावर आलं. तशी सावली उठली, कुमुदला तिथंच सोडून भिंतीवरून सरपटत निघाली. सुरंगी तिच्या मागोमाग. तट ओलांडला, नाकाला पदर लावला, आणि पाहते तर काय! उकिरड्यावर सगळ्या वाड्याच्या सावल्या पंगत मांडून बसलेल्या! फेकलेलं सगळं तिथं रुजलं होतं. नाचणीची कणसं डोलत होती, लाल माठ माजला होता, मधोमध लिंबाचं झाड लगडलेलं. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात ना, तसंच. प्रधानांची सावली तर ढेकर देत होती!

सुरंगी किंचाळणारच होती, पण कुमुदची सावली म्हणाली, "वहिनी, घरात काही मिळत नाही म्हणून आम्ही दुपारचं इथं येतो. पण मी आता परत यायची नाही."

"अगं, असं काय बोलतेस?"

"माझ्या खाण्यानं तिचं पोट थोडंच भरतं? तिच्या अंगात रक्तच उरलं नाही. मी उभी राहू कशाच्या जोरावर?"

"आणि तू नाही आलीस तर?"

"तर ती अंथरुणातून उठायची नाही."

सुरंगीनं भीत भीत का होईना, ओचा पसरला. कणसं खुडली, भाजी खुडली, कुळीथ घेतले, लिंबं घेतली, आणि गंजका तवा बगलेत मारून परत आली.

आचारी हादरला. "बाईसाहेब, हे काय आणलंत? महाराज मलाच चुलीत घालतील!"

"घालू देत. आधी भाकरी होऊ दे," सुरंगी म्हणाली. मग तिनं स्वतः दळलं, तवा घासला, परसातल्या उन्हात चूल मांडली.

खमंग वास सुटला. वासामागून राजा आला.

"माझ्या वाड्यात काळं!" राजा गरजला. गरजून दमला आणि मटकन चौथऱ्यावर बसला.

"मामंजी," सुरंगीचा आवाज कापत होता, "पायाशी बघा."

राजानं पाहिलं. लख्ख ऊन पडलेलं, आणि पायाशी काहीच नाही!

"माझी सावली कुठं गेली?"

"जेवायला. उकिरड्यावर. तुमची येईल हो परत, पण वन्संची येत नाही म्हणते."

राजानं चुलीजवळ बसलेल्या कुमुदच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. ज्या रंगाचं आपण कौतुक केलं, तो आजार होता? त्यानं भाकरी मोडली आणि स्वतःच्या हातानं कुमुदला भरवली. कुमुदनं चावून पाहिलं. "आबा, आणखी द्या ना!"

एका घासानं काही झालं नाही, बरं का. रक्त भरायला वेळ लागतो. मग रोज नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, माठावर पिळलेलं लिंबू, तिळाचा लाडू, कधी अंडं, कधी दूध. आधी पापणीला गुलाबी कड आली. मग ओठांवर रंग चढला. मग एका सकाळी सावली हळूच येऊन पायाला चिकटली. तशी कुमुद जी सुटली, ती अंगणभर धावतच सुटली! सावली मागं पडली आणि ओरडली, "अगं थांब गं! आता मलाच धाप लागली!"

मग सगळे पोटभर जेवले आणि सुखानं राहिले. तिकडे राजाच्या घरी भाकरी फुगली, इकडे आपली गोष्ट निजली. तुम्हीही निजा बघू आता.