रिझर्व्हला लागलेली गाडी

त्या दिवशी साताऱ्यात धुकं असं दाटलं होतं, की समोरचा अजिंक्यतारा कुठं गेला म्हणून विचारावं. थंडी बोटांत शिरत होती. पण अभयला कुठली थंडी!

"चाचा, टाकी काठोकाठ आहे. अजून काय बघताय?"

दस्तगीरचाचा म्हणजे शेजारी. भिंतीला भिंत. अभयच्या वडिलांची, नानांची फटफटी तीस वर्षं त्यांच्याच हातानं चालती राहिली. नाना गेले, गाडी अभयकडे आली.

आज जुन्या मोटारसायकलींची वर्षाची फेरी होती. यवतेश्वरचा घाट चढून पुढं बामणोलीपर्यंत. सगळ्यात पुढं नानांची जागा. ती आज अभयची व्हायची होती. पण घाटात पाय टेकला, की जागा दुसऱ्याची. रीतच तशी.

"ही रिझर्व्हला कधी लागली होती?" चाचांनी विचारलं.

"तीन वर्षांत एकदाही नाही!" अभयनं छाती फुगवली. "पेट्रोल कमी पडूच देत नाही मी."

"म्हणजे टाकीखालचा पेट्रोलचा कॉक कधी फिरवलाच न्हाईस."

"त्यात काय फिरवायचंय? टाकीत दोन नळ्या. उंच ती मेनची, बुटकी ती रिझर्व्हची. मेनवर गाडी आचके द्यायला लागली, की समजायचं, तळाला थोडंच उरलंय. कॉक रिझर्व्हवर घ्यायचा. रिझर्व्हवर मात्र गाडी काही सांगत नाही. संपलं की गप्प. शेंबडं पोरही सांगेल हे!"

"व्हय… सांगंल."

चाचांनी टाकीवरून हात फिरवला.

"तुझा बाप एकदा बामणोलीच्या रस्त्यानं पाच मैल ढकलत आला होता हिला."

"का?"

चाचा खाली बसले, कॉकची नळी उपसली आणि कॅन लावला. पेट्रोलची धार लागली.

"अहो चाचा! काय करताय? निघायला अर्धा तास नाही राहिला!"

"वाहू दे."

"चाचा…"

"वाहू दे रं."

दोन कॅन भरले. धार बारीक झाली, मग थांबली. टाकीत आता रिझर्व्हपुरतं उरलं. चाचांनी अर्धा तांब्या परत ओतला, नळी बसवली आणि एक कॅन मांडीवर घेऊन मागं बसले.

"ही घाटातच लागणार की!"

"लागू दे. चल."

धुक्यात बावीस गाड्या एकदम सुरू झाल्या. काय तो आवाज! छातीत धडधड होतेय की गाडीत, कळेना. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. अभय ओरडून म्हणाला, "चाचा, काही नाही होत!"

तिसऱ्या वळणावर, ऐन चढाला, गाडीनं आचका दिला. फट्… फट्… अन् मग नुसतं वारं.

अभयचा पाय सुटला.

"पाय न्हाय," मागनं चाचा म्हणाले, "हात."

डोळे रस्त्यावर. डावा हात टाकीखाली चाचपडला. कॉक कुठंय? हा बोल्ट… ही नळी… गाडी मंदावली, कलली. मागून हॉर्न. पाय जमिनीपासून वीतभर वर.

बोटांना कॉक लागला. फिरला.

एक क्षण काहीच नाही…

आणि मग गाडी अशी उसळली, की चाचांच्या मांडीवरचा कॅन डुचमळला. अभय मोठ्यानं हसला, हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. तो तसाच हसत माथ्यावर पोचला.

वर धुकं नव्हतं. कोवळं ऊन होतं. मागनं आलेली म्हातारी मंडळी गाड्या लावता लावता ओरडत होती, "नानाची गाडी! नानाचा पोरगा! पाय टेकला नाही!" कुणी पाठ थोपटली, कुणी डोक्यावरची टोपी काढून त्याला घातली.

चाचांनी कॅन शांतपणे टाकीत रिकामा केला.

"बघितलंत चाचा? आता बामणोलीपर्यंत मीच पुढं! हे तर कायमचं शिकलो." अभयनं किक मारली. गाडी सुरू झाली. "बसा की!"

चाचा बसले नाहीत. टाकीखाली बघत उभे राहिले. कॉक अजून रिझर्व्हवरच होता.

"तुझा बाप का ढकलत आला, इचारत होतास न्हवं…" चाचा म्हणाले. "त्योबी हितवर असाच हसत आला होता."