दर्भाचा कावळा

"आणि कावळा शिवलाच नाही तर?"

"तर नाही शिवला," पूर्णबोध स्वामी म्हणाले.

अच्युतशास्त्री डोंगरे यांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. अशी उत्तरं देणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर भर सभेत पाणी पाजलं होतं. पण ही सभा नव्हती. कृष्णाकाठच्या एका लहानशा मठाचा घाट होता, डोक्यावर दुपारचं ऊन होतं आणि पायरीवर पत्रावळीत भाताचा एक पिंड होता. तो शास्त्रीबुवांचा स्वतःचाच होता.

संन्यास घेणाऱ्याने आधी स्वतःचं श्राद्ध करायचं असतं. देव झाले, ऋषी झाले, पितर झाले की शेवटचा पिंड आपल्या नावाचा. ही रीत सगळीकडची. या मठाने तिला आपली एक जोड दिली होती. तो शेवटचा पिंड घाटावर ठेवायचा आणि कावळ्याची वाट पाहायची. सूर्य मावळायच्या आत कावळा शिवला, तर दुसऱ्या दिवशी पहाटे दीक्षा. नाही शिवला, किंवा माणूस कंटाळून घाटावरून उठला, तर दीक्षा नाही. पुन्हा मागायचीही सोय नाही.

यात मधला माणूस मात्र चांगलाच अडकतो. श्राद्ध झालं, म्हणून घरच्यांना तो मेला. दीक्षा नाही, म्हणून मठात तो जन्मला नाही. मग त्याने जायचं कुठे, याचं उत्तर मठाच्या कुठल्याच कागदात नव्हतं.

शास्त्रीबुवा म्हणजे काही साधी असामी नव्हे. शंकराचार्यांचं भाष्य त्यांना झोपेतून उठवलं तरी पाठ होतं. ब्रह्म एकच आहे, दुसरं काही नाहीच, जे वेगळं दिसतं ते अंधारात दोरीवर दिसणाऱ्या सापासारखं, हे त्यांनी काशीपासून कुंभकोणमपर्यंत सिद्ध करून दाखवलं होतं. स्वामी आता थकले होते. मठाची गादी शास्त्रीबुवांकडे जाणार, हे कृष्णेतल्या माशांनाही ठाऊक होतं. गेल्या महिन्यात शास्त्रीबुवांनी घर, गाई, भांडीकुंडी, सगळं वाटून टाकलं. जवळ ठेवली ती फक्त भाष्याची पोथी, एका जुन्या शालीत गुंडाळलेली; ती आताही पिंडाशेजारी होती.

आणि एवढं सगळं आता एका पक्ष्यापाशी येऊन अडलं होतं.

पक्षी नव्हते असं नाही. घाटावरच्या पिंपळावर सात-आठ कावळे सकाळपासून बसून होते. मधूनच एखादा खाली उतरायचा, पिंडापासून हातभर लांब थांबायचा, मान तिरकी करून शास्त्रीबुवांकडे बघायचा आणि परत वर जाऊन बसायचा. शास्त्रीबुवांची इतकी बारकाईने तपासणी आजवर कुणी केली नव्हती.

मठाचे उपाध्ये बापूभट तांब्याभर पाणी घेऊन आले.

"मेलेल्याला तहान नसते," शास्त्रीबुवा म्हणाले आणि उन्हात तसेच उभे राहिले. बापूभटांना त्यांच्या जिद्दीचं कौतुक वाटलं. थोडी भीतीही वाटली.

बापूभटांनी हळूच सुचवलं की दहाव्याला नातेवाईक मोठ्याने काहीतरी कबूल करतात. धाकटीचं लग्न आम्ही लावू, म्हातारीला अंतर देणार नाही, असं म्हटलं की कावळा येतो. मेलेल्याचं कशात तरी अडकलेलं असतं. इथे म्हणायला कुणी नातेवाईक नाही, तेव्हा शास्त्रीबुवांनी आपलं आपणच म्हणून पाहावं.

शास्त्रीबुवांनी म्हणून पाहिलं. भाष्यावरची आपली टीका अपुरी आहे, ती शिष्य पुरी करतील. मुलगा रागावला आहे, त्याची समजूत काढली जाईल. गावच्या देवळाचा कळस बसवायचा राहिलाय, तोही बसेल. त्यांनी स्वच्छ, खणखणीत आवाजात एकेक कबुली दिली.

कावळ्यांना ना टीकेत रस होता ना कळसात. सावल्या लांबत चालल्या.

मग शास्त्रीबुवांनी ठरवलं की आता शास्त्राचाच आधार घ्यायचा. कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात, याला आधार आहे. त्यांनी पूजेतले उरलेले दर्भ घेतले, खाली बसले आणि दर्भाला गाठी मारमारून एक कावळा केला. चोच केली, शेपूटही केली. तो तळहातावर घेऊन ते स्वामींपुढे जाऊन उभे राहिले.

"महाराज, तो पिंपळावरचा कावळा म्हणजे नाम आणि रूप. हाही नाम आणि रूप. त्याच्या मुळाशी ब्रह्म, याच्याही मुळाशी तेच. दोघांत भेद मानणं हे अज्ञान झालं. आचार्यांच्या मताने हा कावळा तेवढाच खरा आहे."

"आणि तेवढाच खोटा," स्वामी म्हणाले.

"हो. तेवढाच खोटा."

"बिनतोड आहे."

शास्त्रीबुवांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच उजळला.

"मग असं करू," स्वामी म्हणाले, "दर्भ शिल्लक असतील तर त्यांचा एक शास्त्रीही करून ठेवा. उद्या पहाटे त्याला दीक्षा देतो. तुम्ही मोकळे."

बापूभटांनी तोंड फिरवून नदीकडे पाहिलं. त्यांचे खांदे हलत होते.

शास्त्रीबुवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षांत त्यांना कुणी असं निरुत्तर केलं नव्हतं, आणि हे तर धड उत्तरही नव्हतं. ते मागे वळले, पायऱ्या उतरले आणि पिंडाशेजारी मांडी घालून बसले. सूर्य मावळेपर्यंत इथून हलायचं नाही. काय व्हायचं ते इथेच होऊ दे.

स्वामी काठी टेकत एकेक पायरी खाली आले. गुडघ्यांनी पुष्कळ तक्रार केली, तरी त्यांच्या शेजारी बसले. दहाव्याला आलेला गावकरी बसतो, तसे.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

शास्त्रीबुवांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"अच्युतशास्त्री डोंगरे."

"माणूस कसा होता?"

"विद्वान होता. वादात कधी हरला नाही."

"ते ऐकून आहे मी. कावळ्यांनीही ऐकलं असेल." स्वामींनी काठी बाजूला ठेवली. "त्याचं वाकडं कुणाशी होतं?"

"कुणाशी नाही. जिथे दुसरं कुणीच नाही, तिथे वाकडं कुणाशी असणार?"

"बरं... ही शाल कुणाची?"

शास्त्रीबुवांनी पोथीवर हात ठेवला. तो तिथे कधी गेला ते त्यांनाही समजलं नाही.

"जिंकलेली आहे," ते म्हणाले.

  नदीवरून नावाड्याची हाक ऐकू आली. पैलतीरावर जाणारी शेवटची नाव आता लवकरच सुटणार होती.

मग शास्त्रीबुवांनी सांगितलं. आधी शाल कुणाची ते सांगितलं, मग हळूहळू बाकीचंही.

शाल भीमाचार्यांची होती. भीमाचार्य मध्वमताचे, देव वेगळा आणि जीव वेगळा मानणारे. नदीपलीकडे त्यांचं घर आणि तिथेच पाठशाळा होती. शास्त्रीबुवांचे ते बालमित्र आणि मेहुणेही. शास्त्रीबुवांची धाकटी बहीण तुंगा त्यांना दिली होती. तुंगा लहान होती तेव्हा चुलीपाशी बसून दादाचं पाठांतर ऐकायची. तो अडला की पुढचा शब्द तीच सांगायची, आणि वडिलांना कळू नये म्हणून फुंकणीत तोंड घालून सांगायची.

बारा वर्षांपूर्वी तुंगा तापाने गेली. त्यानंतर महिन्याभराने एका संस्थानात सभा भरली आणि दोघे मेहुणे समोरासमोर आले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भीमाचार्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि साध्या मराठीत विचारलं, 'जीव वेगळे नाहीतच म्हणता, मग माझी तुंगा गेली, ती कोण गेली?'

"आणि शास्त्री काय म्हणाले?" स्वामींनी विचारलं.

शास्त्रीबुवा पिंडाकडे बघत राहिले.

"शास्त्री म्हणाले... 'गेली म्हणता, पण ती होती कधी?'"

सभेने टाळ्या वाजवल्या होत्या.  भीमाचार्यांनी खांद्यावरची शाल काढली, हरलेल्याने ठेवायची असते तशी शास्त्रीबुवांच्या पायाशी ठेवली आणि निघून गेले. पुढे त्यांनी पाठशाळाही बंद केली. शालीच्या एका कोपऱ्याला रफू केलेलं होतं. ते तुंगाच्या हातचं आहे, हे शास्त्रीबुवांनी घरी येऊन पोथी बांधताना पाहिलं. त्यानंतर बारा वर्षं, पोथी सोडताना आणि बांधताना, रोज दोन वेळा पाहिलं.

"त्याने पुढचा शब्द विचारला होता, महाराज. अडला होता म्हणून विचारला होता. मला वाटलं, तो वाद घालतोय."

स्वामींनी मान हलवली.

"तुंगा गेली तेव्हा तुम्ही रडलात?"

"नाही."

"का?"

"दुसरं कुणी नाहीच. मग रडायचं कुणासाठी?"

शास्त्रीबुवांचा आवाज सभेत असायचा तसाच खणखणीत निघाला, पण शेवटच्या शब्दाला फाटला. स्वामींनी त्यांच्या मुठीतला दर्भाचा कावळा काढून घेतला. त्याची एकेक गाठ सोडली, चोच मोडली, शेपूट मोडली, आणि सुटे दर्भ पाण्यात सोडून दिले.

"दुसरी नव्हती," ते म्हणाले, "म्हणून तर रडायचं."

...

शास्त्रीबुवा रडले. साठीच्या माणसाने रडू नये इतकं रडले. बापूभट तांब्या हातात धरून उभे होते. पुढे व्हावं की मागे सरावं, हे त्यांना सुचेना, आणि डोळे त्यांचेही भरून आले होते.

बऱ्याच वेळाने शास्त्रीबुवांनी त्याच तांब्यातलं पाणी घेतलं. तोंड धुतलं, मग घटाघटा पाणी प्यायले. पोथीची गाठ सोडली. पोथी स्वामींच्या मांडीवर ठेवली आणि शालीची नीट, रफू वर येईल अशी घडी घातली. ती छातीशी धरून ते उठले आणि नावेच्या दिशेने पायऱ्या उतरू लागले.

"शास्त्रीबुवा, कुठे निघालात?" बापूभट घाबरून म्हणाले. "सूर्य मावळायला अजून वेळ आहे. आता येईल कावळा. घाट सोडलात तर दीक्षा गेली, गादी गेली. पुन्हा मागता यायचं नाही."

"माहीत आहे."

"मग उद्या जा. दीक्षा घेऊन जा."

"संन्यासी होऊन गेलो तर भीमाचार्यच माझ्या पाया पडतील," शास्त्रीबुवा म्हणाले. "आज गेलो तर मला पडता येईल."

बापूभटांनी स्वामींकडे पाहिलं. स्वामी पिंडाशेजारी जरा सरकून नीट बसले. मेलेल्याचा नातेवाईक बसतो तिथे.

"मी आहे इथे," ते म्हणाले. "कावळ्याचं मी बघतो."

नावाड्याने दोर सोडला होता. शास्त्रीबुवांनी एक पाय नावेत ठेवला आणि तसेच थांबले. दुपारभर उन्हात न डगमगलेला माणूस आता पहिल्यांदा कचरला होता.

"महाराज, सकाळी माझं श्राद्ध झालंय. मेलेला माणूस कुणाच्या दारात कसा जाऊन उभा राहणार?"

"मेलेलाच जाऊ दे," स्वामी म्हणाले. "जिवंत होता, तो बारा वर्षांत गेला नाही."