मागे राहिलेले कोष

मी, सीताराम गोमाजी वलथरे, वय वर्षे ब्याऐंशी, ही कथा आजीकडून ऐकली तशी लिहीत आहे.

फार पूर्वी ऐनाच्या जंगलालगतच्या एका गावात एक नवरा-बायको रेशमाचे किडे पाळीत असत. हे किडे ऐनाची पाने खातात व स्वतःभोवती कोष विणून त्यात निजतात. बियाण्याचे कोष उन्हाळाभर झोपडीत टांगलेले असत. पावसाळ्यात त्यांतून पतंग निघत, अंडी घालत आणि नव्या अळ्या पालवीवर चढत. जे कोष वेळेवर फुटत नसत, त्यांना आळशी ठरवून उकळावे व धागा काढावा, अशी गावाची रीत होती.

एके वर्षी वैशाखातच अवकाळी पाऊस कोसळला. ऋतू आला असे समजून त्यांच्या शंभरांतील ऐंशी कोष फुटले. अंड्यांतून अळ्या निघाल्या, तोच उन्हाने अशी आग पाखडली की ऐनाची पालवी हातात चुरा होऊ लागली. उपाशी अळ्या फांद्यांवरून गळून पडल्या. घरोघरी हेच झाले, मागे राहिलेले कोष लोकांनी रीतीप्रमाणे उकळले आणि गावाचे बीज संपत आले.

नवऱ्याने चुलीवर आधण ठेवले. उरलेल्या वीस कोषांच्या धाग्यावर महिन्याचे तांदूळ मिळणार होते.

बायकोने एक कोष कानाशी हलवला. आत जड काही हलले. "जिता हाये हा. मेला असता तं खुळखुळला असता."

"मंग निघाला काहून नाही? बहिरा हाये का?"

"तुमच्यासारखा हाये. दहा हाका देल्याबिगर उठत नाही."

नवरा हसला. मग त्याने आधण चुलीतच ओतले. पुढचा महिना दोघांनी कंदमुळांवर काढला.

आषाढात पाऊस स्थिरावला. एका तिन्हीसांजेस कोषांची तोंडे ओली झाली. चुरगळलेले जीव बाहेर आले आणि त्यांनी पंख उलगडले. ते तळहाताहून मोठे होते. प्रत्येक पंखावर काचेसारखा एक गोल होता व त्यातून दिव्याची ज्योत दिसत होती. विसांतून सतरा पतंग, सतरा वेळा चार ज्योती. नवऱ्याने नकळत पागोटे उतरवले.

"एकाच आईची लेकरं," तो हळूच म्हणाला. "याईलेच थांबाचं कोनं सांगितलं?"

"कोनं सांगनार, बाप्पा? सारेच संगं निघाले असते तं उद्या झाडावर कोन असतं?"

तात्पर्य इतकेच: मागे राहणारा आळशीच असतो असे नव्हे, ऋतू फिरला की कूळ त्याच्यामुळेच तरते.

त्या सतरा पतंगांच्या अंड्यांतून साऱ्या गावाला पुन्हा बीज मिळाले. त्या वर्षापासून त्या गावात उशिरा फुटणारे कोष उकळत नाहीत. प्रत्येक घरी ते बियाण्यासाठी राखून ठेवतात.