वाढीचं माप

निवडणूक आली की आमदार ढमढेरे नवे सदरे शिवायला टाकतात. यंदाही ते दहाबारा कार्यकर्ते घेऊन भास्कर माळवदे शिंप्यांच्या टपरीवर आले. टपरी नगरपालिकेच्या जागेवर होती. आमदारांच्या एका शब्दावर उठली असती.

माप देता देता आमदारांनी मोठ्यानं विचारलं, "भास्करराव, तुम्ही सगळी सरकारं बघितलीत. खरी वाढ कुणाच्या काळात झाली? आमच्या, की त्यांच्या?"

कार्यकर्त्यांनी मोबाइल वर धरले. चाळीस वर्षं हाच प्रश्न भास्करराव दोन्ही पक्षांकडून ऐकत आले होते. त्यांनी कंटाळून मापांची वही उघडली.

"त्यांच्या पाच वर्षांत त्यांच्या आमदारांचं पोट वाढलं चार इंच. तुमच्या पाच वर्षांत तुमचं..." त्यांनी टेपवर बोट ठेवलं, "साडेचार. तुम्हीच पुढे आहात, साहेब."

कार्यकर्त्यांचे मोबाइल हळूहळू खाली आले.

"अहो, लोकांचं सांगा!" आमदार खेकसले.

"लोक नवं शिवतच नाहीत, साहेब. जुनेच कपडे सैल झाले म्हणून आत घ्यायला आणतात. त्यांच्या काळातही आणायचे, तुमच्याही काळात आणतात."

मग टेप पुन्हा लावत भास्करराव थकल्या आवाजात म्हणाले, "आणि पोट आत ओढू नका. खोटं माप मी लिहीत नाही."