गालिच्यावर उभे आप्पासाहेब

वाईच्या आप्पासाहेब शेट्यांचा जुना ट्रक नुसता उभा असला तरी रेस दिल्यासारखा बोंबलायचा आणि डिझेल प्यायचा. हिरामण ड्रायव्हरनं केबल बघितली, स्प्रिंग बघितली. दोन्ही ठीक होत्या. आप्पासाहेबांनी स्वतः हौसेनं केबिनमध्ये अंथरलेला जाडजूड गालिचाच अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरत होता. पण त्याच गालिच्याला नावं ठेवली म्हणून आधीच्या ड्रायव्हरची नोकरी गेली होती.

"तुझा पायच जड!" आप्पासाहेब ओरडले. "उद्यापासून येऊ नकोस."

हिरामण खाली उतरला. गाडी बोंबलतच राहिली.

"मालक, आता तर माझा पाय जमिनीवर आहे."

"तूच सवय लावलीस तिला!"

हिरामणनं जरा विचार केला. "खरंय. तिला धाक मालकाचाच पाहिजे, तुम्हीच समोर उभे राहा. पण तुम्ही मातीत कसे उभे राहणार?"

त्यानं गालिचा ओढून काढला आणि मालकांपुढं अंथरला. आप्पासाहेब ऐटीत त्यावर चढेपर्यंत इंजिन शांत झालं होतं.

"बघितलंस?"

"बघितलं. आता रोज गाडीसमोर गालिच्यावर उभं राहायला येता, का नुसता गालिचा बाहेर ठेवून भागेल?"

आप्पासाहेब पायाखालच्या गालिच्याकडं वाकून बघू लागले. मग हळूच बाजूला झाले.

"गालिचा घरी नेतो," ते म्हणाले. "तू उद्या वेळेवर ये."