रानाचा मालक

राजा भानुसेनाला नव्या महालासाठी अख्खं सागाचं रान तोडायचं होतं. शंभर कुऱ्हाडवाले घेऊन तो पाड्यावर आला. “आडवा येईल त्याचं मुंडकं उडवीन,” त्याने बजावलं. पाड्यावरची माणसं मागे सरली. म्हातारी सोमी तेवढी पुढे झाली.

“महाराज, हे रान कुणाचं?”

“माझं! यातलं पान न् पान, जनावर न् जनावर माझं.”

“म्हणजे वाघही तुमचेच. रान तुटलं की ते राहायला मालकाच्याच घरी येतील. नव्या महालाचे दरवाजे तेवढे रुंद करून घ्या.”

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात झाडीत काहीतरी सळसळलं.

“परत चला!” तो किंचाळला. “एका झाडालाही हात लावू नका!”